पानात अन्न बनतं, ते असं पाहा

झाड मुळांनी अन्न खातं, असं वर्गात दरवर्षी कुणीतरी मला ठामपणे सांगतं. मी वाद घालत नाही, प्रयोग करायला लावते.

कुंडीतलं पातळ पानांचं रोप घ्या, जिरेनियम उत्तम. ते दोन दिवस पूर्ण अंधारात ठेवा, म्हणजे पानांत साठलेला स्टार्च, म्हणजे पानाने बनवून ठेवलेलं अन्न, संपेल. मग एका पानाच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी काळ्या कागदाची पट्टी क्लिपने लावा आणि रोप पाच-सहा तास उन्हात ठेवा. पान तोडून मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा.

आता स्पिरिट. हे काम मोठ्यांनीच करायचं, तेही गॅस बंद करून, कारण त्याची वाफ चटकन पेट घेते. स्पिरिट भरलेली परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात उभी करून त्यात पान घाला. हिरवा रंग उतरला की पान कोमट पाण्यात धुवा आणि आयोडीनचे थेंब टाका. स्टार्च असेल तिथे आयोडीन निळं-काळं होतं, म्हणून उन्हातला भाग निळा-काळा होतो, पट्टीखालचा पिवळसर-तपकिरीच राहतो. मुलांचे डोळे तेव्हा कसे चमकतात! पानांना उजेड लागतो, हे डच शास्त्रज्ञ यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये दाखवलं होतं.

निवडुंगात पानांचे काटे झालेले असतात, म्हणून अन्न बनवण्याचं काम हिरवं खोड करतं. त्याची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, रात्री उघडतात, त्यामुळे पाणी कमी उडतं. घटपर्णी कीटक पकडते ती मुख्यतः नायट्रोजनसाठी. साखर तीही उजेडातच बनवते. तेव्हा घटपर्णी लावलीत तर तिला अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवू नका.