पाऊस नाही तरी गाडीत पाणी

मागच्या आठवड्यात डाव्या सीटच्या पायाखालचं मॅटिंग ओलंचिंब, गॅरेजवाल्याने नीट न बघताच काचेचं रबर बदलायला ४ हजार सांगितले. पण च्यायला, दोन दिवस पाऊसच नव्हता! मग लक्षात आलं, एसी चालू असताना गाडीखाली जे टपटप पाणी पडतं ते पडतच नव्हतं, म्हणजे एसीची ड्रेन नळी तुंबलेली आणि पाणी उलटं आत येतंय. इंजिन गार झाल्यावर खाली वाकून ती बोटाएवढी रबरी नळी शोधली, दाबली तर आत चिखल नि कुजका पाला, टायरवाल्याकडून हळूच हवा मारून घेतली (जोरात नको, नळी आतून निसटू शकते) आणि भस्सकन तांब्याभर पाणी बाहेर. खर्च २० रुपये. मॅटिंग वाळायला तीन दिवस गेले, कुबट वास अजून येतोय.