संत्र्याच्या नवतीवरची नागअळी: पंप भरण्याआधी पान उजेडात धरा

पावसाला सुरुवात होऊन संत्रा-लिंबाची कोवळी नवती (नवी पालवी) फुटली, की पानांवर गोगलगाय फिरून गेल्यासारख्या चंदेरी, नागमोडी रेघा उमटतात. या रेघा नागअळीच्या. तिचा पतंग जेमतेम २ ते ३ मिमीचा, चंदेरी पांढरा, पंखाच्या टोकाला काळा ठिपका. दिवसा तो सहसा नजरेस पडत नाही, तेव्हा त्याला शोधत बसू नका.

ओळख पानावरच करावी. रेघेच्या मधोमध काळसर विष्ठेची बारीक ओळ असेल तर ती नागअळीच. ही अळी पानाचा गर खात नाही. पापुद्र्याच्या पेशी फोडून रस घेते, म्हणून रेघ चंदेरी राहते. वाढ पुरी झाल्यावर ती पानाची कड दुमडून आत कोषात जाते. सायला आणि मावा या रस शोषणाऱ्या किडींनीही पाने मुरडतात, पण त्यात रेघ नसते, चिकटा (चिकट गोड स्राव) असतो. टोमॅटोवरची नागअळी माशीची असते. तिची शिफारस इथे वापरू नये.

आता महत्त्वाचे. पान उजेडात धरून रेघेचे रुंद टोक भिंगाने बघा. फिकट पिवळसर, बिनपायांची अळी दिसली तर कीड चालू आहे. टोक रिकामे, कडेच्या घडीत नुसते टरफल, तर पतंग उडून गेला. जुन्या रेघा पाहून केलेली फवारणी फुकट जाते, वर नागअळीचा नाश करणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या मरतात.

मोठ्या झाडांना या किडीचा फारसा फटका बसत नाही. मुरडलेली पाने तोडू नका, तीही अन्न तयार करतात. जपायची ती पन्हेरी (रोपवाटिकेतली रोपे) आणि नवी कलमे. तिथे पाने २-३ सेंमीची असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क फवारा: ५ किलो निंबोळी पावडर १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा मिसळा, एकूण द्रावण १०० लिटर करा. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. नवती चालू असेपर्यंत ७ ते १० दिवसांनी पुन्हा. स्पर्शजन्य औषध पापुद्र्याखालच्या अळीपर्यंत पोचत नाही. प्रादुर्भाव वाढतच राहिला तर आंतरप्रवाही (पानात शोषले जाणारे) इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल लेबलवरील मात्रेत घ्यावे, मात्र झाडावर फुले असताना नाही.

कागदी लिंबावर या जखमांतून खैऱ्या (कँकर हा जिवाणूजन्य रोग) शिरतो; तिथे १० लिटर पाण्यात ३० ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईडची वेगळी फवारणी करा. पाणसोट (सरळ वाढणारे जोमदार, बिनकामाचे फुटवे) वेळीच काढा, युरिया एकदम टाकू नका. नवती लांबत गेली की किडीला कोवळे पान मिळतच राहते.