फेजच्या शेपटीवर प्रोजेक्ट मिळालाय? आधी जेल चालवा

एमएस्सी झाल्यावर बेलापूर-खारघर पट्ट्यातल्या एका लॅबमध्ये मी प्रोजेक्टवर लागले, तेव्हा विषय हाती आला टेलस्पाइकचा, म्हणजे फेजच्या (बॅक्टेरियाला लागण करणाऱ्या विषाणूच्या) शेपटीवरच्या काट्यासारख्या प्रोटीनचा. आता ठाण्याच्या कॉलेजांतली मुलं ट्रान्सहार्बरने येतात आणि विचारतात, "ताई, स्ट्रक्चरचं काम म्हणजे सगळं कॉम्प्युटरवरच ना?" कॉम्प्युटरपर्यंत पोचायला बराच वेळ लागतो. त्याआधी वर्षभर तरी शेकर, सेंट्रिफ्यूज आणि प्रोटीन आकारानुसार वेगळी करणारं जेल हेच तुमचं जग असतं.

थोडी पार्श्वभूमी. फेजच्या डोक्यात डीएनए असतो, आणि कोणत्या बॅक्टेरियाला धरायचं हे शेपटीचं टोक ठरवतं. शेपट्या सगळ्या सारख्या नसतात. टी४ या फेजची शेपूट आकसणारी: बाहेरच्या आवरणात एकाच प्रोटीनचे १३८ रेणू २३ कड्यांत रचलेले असतात, आणि आकसल्यावर आवरणाची लांबी निम्म्याहूनही कमी होते. पी२२ या फेजची शेपूट अगदी आखूड, तिला सहा टेलस्पाइक. मुलाखतीत हमखास विचारतात की फायबर आणि स्पाइक यांत फरक काय. फायबर लांब, सडपातळ आणि मुख्यतः चिकटणारा. टी४च्या लांब फायबरचं टोक, म्हणजे जीपी३७, ई. कोलायच्या ओम्पसी प्रोटीनला आणि एलपीएसला (बाहेरच्या आवरणातल्या साखर-चरबीच्या रेणूला) ओळखतं. स्पाइक आखूड, दणकट आणि बहुधा एन्झाइमही असतो. पी२२चा स्पाइक साल्मोनेलाच्या ओ-अँटिजेनची साखरेची साखळी धरतो आणि कापतो.

आता मुद्द्याचं. ही प्रोटीनं जवळजवळ नेहमी ट्रायमर असतात, तीन साखळ्या एकमेकींभोवती गुंफलेल्या. शिगेलाच्या एसएफ६ फेजच्या स्पाइकमध्ये तर साखर कापायची जागाच दोन साखळ्यांच्या सांध्यात आहे. साखळी एकटी असेल तर तिला काही कामच नाही. म्हणून शुद्धीकरणाच्या कॉलमवरून प्रोटीन उतरलं की त्याच दिवशी एक जेल चालवा.

एकच नमुना दोन नळ्यांत घ्या, दोन्हींत एसडीएसवाला (प्रोटीन उलगडणारा साबणासारखा पदार्थ असलेला) लोडिंग बफर घाला. एक नळी ९५ अंशांवर पाच मिनिटं ठेवा, दुसरी तशीच राहू द्या, आणि शेजारशेजारच्या लेनमध्ये लोड करा. पी२२ स्पाइकची एक साखळी ६६६ अमिनो आम्लांची, साधारण ७२ किलोडाल्टन. उकळलेल्या लेनमध्ये पट्टा तिथेच दिसतो. न उकळलेल्या लेनमध्ये तो बराच वर थांबतो, कारण नीट घडी पडलेला ट्रायमर एसडीएसलाही दाद देत नाही. वरच्या पट्ट्याचं वजन मात्र मार्करवरून वाचायला जाऊ नका. तो उलगडलेलाच नसतो, एसडीएस त्याला कमी चिकटतं, त्यामुळे जागा फसवी असते. दोन्ही लेनमध्ये पट्टा खालीच असेल तर ट्रायमर बहुधा झालेलाच नाही; जेल कितीही स्वच्छ दिसो, पुढे क्रिस्टल लावायची घाई नको. सगळेच फायबर इतके चिवट नसतात हेही खरं. तिथे जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार रेणू वेगळे करणारा कॉलम) करावं लागतं, आणि लांबुडका रेणू तिथेही वजनाच्या मानाने लवकर बाहेर पडतो.

ट्रायमर न होण्याचं नेहमीचं कारण तापमान. एमआयटीत जोनाथन किंग यांच्या गटाने पी२२ स्पाइकचे असे म्युटंट शोधले, की जास्त तापमानाला त्यांची घडीच पडत नाही, पण कमी तापमानाला एकदा पडली की नंतर तापवलं तरी ती टिकते. तेव्हा इंडक्शन (बॅक्टेरियाला प्रोटीन बनवायला लावणं) १८ अंशांवर, रात्रभर. नवी मुंबईच्या मे महिन्यात साधा शेकर १८ वर जात नाही, त्यामुळे कूलिंगवाला शेकर कोणाकडे आहे आणि त्याची वही कोण सांभाळतं, हे रुजू झाल्याच्या दिवशीच विचारून ठेवा. दुसरं कारण, काही फायबरना मदतनीस लागतो. जीपी३७चा तुकडा फेजच्याच जीपी५७ या चॅपेरोनसोबत एक्स्प्रेस केला, तेव्हा कुठे २०१० मध्ये त्याच्या टोकाचं स्ट्रक्चर आलं: सुईसारखं टोक, आत ओळीने सात लोहाचे आयन. १,०२६ अमिनो आम्लांपैकी शेवटची दोनशेच्या वर त्यात दिसतात. पी२२चंही तसंच, १९९४ मध्ये आधी डोक्याला चिकटणारा भाग वगळून उरलेल्याचं स्ट्रक्चर केलं गेलं. पूर्ण जीन क्लोन करायचा हट्ट गाइडचा असला, तरी छोटा कन्स्ट्रक्ट (जीनचा हवा तेवढाच तुकडा) सोबत करून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिस-टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेला छोटा तुकडा) शक्यतो एन-टोकाला, म्हणजे साखळीच्या सुरुवातीला. के१एफ फेजच्या एन्डोसायलिडेज या स्पाइकमध्ये सी-टोकाचा, म्हणजे शेवटचा, भाग घडी पाडायला मदत करतो आणि काम झालं की स्वतःच तुटून पडतो. टॅग तिथे असेल तर तोही जातो, आणि अपेक्षेपेक्षा लहान पट्टा बघून आपण प्रोटिएजच्या नावाने बोटं मोडत बसतो.

काम बघायचं तर बॅक्टेरियाच्या लॉनवर (प्लेटभर वाढलेल्या थरावर) थेंब टाका. कॅप्सूल (बॅक्टेरियाचं साखरेचं कवच) कापणारा स्पाइक असेल तर धूसर वर्तुळ उमटतं. पाठोपाठ डायल्यूशन करा: फेज मिसळलेला असेल तर सुटे प्लाक (बॅक्टेरिया मेलेले ठिपके) दिसू लागतात, नुसतं प्रोटीन असेल तर वर्तुळ फिकं होत जातं. ही प्लेट थीसिसमध्ये हवीच हवी.

अल्फाफोल्डला (स्ट्रक्चरचा अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला) मोनोमर, म्हणजे एकटी साखळी, देऊ नका, तीन साखळ्या एकत्र द्या. तरी टोकाच्या भागावरचा कॉन्फिडन्स बघूनच बोला. क्रिस्टल मिळालेच तर इंदूरच्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणाऱ्या यंत्रावर) पीएक्स-बीएल२१ ही प्रोटीन क्रिस्टलोग्राफीची बीमलाइन आहे.

पैशाचं: नेट असेल तर २०२३ पासून जेआरएफचे (संशोधन फेलोशिपचे) महिना ३७,००० रुपये, वर एचआरए. नेट नसताना प्रोजेक्टवर लागत असाल, तर ग्रँट किती महिन्यांची उरली आहे हे मुलाखतीतच विचारा. क्लोनिंगपासून शुद्ध ट्रायमरपर्यंत सहा महिने सहज जातात.