घरी बांधलेल्या विमानातला गार वारा कसा बंद करावा

निफाडला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. त्या दिवसांत दोन आसनी विमान घेऊन वर जायचं म्हणजे थंडीत आणखी भर. वर जाताना हवा दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते, आणि ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात बोटभर फटही सुरीसारखी लागते. अर्ध्या तासात बोटं बधिर होतात आणि लक्ष उडतं. म्हणून फटी बुजवण्याचं काम मी चैनीत धरत नाही, सुरक्षेत धरतो.

आमचं विमान सातपूरच्या एका शेडमध्ये तयार झालं आणि पंख काढून ट्रकवरून धावपट्टीवर गेलं. पहिल्या हिवाळ्यात मानेवर सतत गार झोत यायचा. कॅनोपीची, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक घुमटाची, मागची कड मानेच्या अगदी जवळ असते. दोष तिचाच, असं धरून मी दोन रविवार तिथे रबर लावण्यात घालवले. झोत तसाच राहिला. ओझरच्या एचएएलच्या विमान कारखान्यात हयात घालवलेले एक फिटर काका शेडवर यायचे. ते म्हणाले, “अरे, पाणी टपकतं त्याच्या बरोबर वरचंच कौल फुटलेलं असतं का? वर चढून बघावं लागतं. तू अजून खालीच बादली सरकवतोयस.”

तेव्हापासून माझा नियम एकच आहे. वारा कुठून येतो हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाच्या, नळीचं टोपण काढायचं नाही.

वाऱ्याची वाट

कॅनोपीच्या फुगीर पाठीवरून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब घटतो. त्यामुळे वरच्या फटींतून केबिनमधली हवा बाहेर ओढली जाते आणि केबिनमध्ये हलकी ओढ तयार होते. ती भरून काढायला हवा मिळेल तिथून आत शिरते. बहुतेक वेळा ती शेपटीतून येते. एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची झडप) दांड्याची खाच, रडरच्या (नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप) केबलची भोकं, पंखाच्या मुळाशी एलेरॉनचा (विमान कलतं करणारी पंखावरची झडप) पुशरॉड, म्हणजे ढकलदांडा, जिथून आत येतो ते भोक, अशा जागांतून शिरून ती पोकळ शेपटीतून पुढे वाहते आणि सीटच्या पाठीमागून मानेवर पडते. माझ्या बाबतीत हेच घडत होतं.

फटी शोधणं

पहिली तपासणी रात्रीची. शेडमधले दिवे घालवा, केबिनमध्ये प्रखर टॉर्च ठेवा आणि बाहेरून विमानाभोवती सावकाश फिरा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. मग टॉर्च शेपटीत ठेवून तीच फेरी पुन्हा मारा.

दुसरी तपासणी ब्लोअरची. ताज्या हवेच्या झरोक्यातून कमी वेगावर हवा आत सोडा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले की फट सापडली. दाब वाढवू नका, कॅनोपीच्या काठावर उगाच ताण येतो. उदबत्तीचा धूर वापरायचा सल्ला हमखास कुणीतरी देतंच. पेट्रोल भरलेल्या किंवा कधी भरलेल्या विमानाजवळ काहीही पेटवू नका.

या दोन्हीतून फट कळते, वाऱ्याची दिशा कळत नाही. त्यासाठी लोकरीचे बोटभर धागे घ्या. सीटच्या पाठीवर, कॅनोपीच्या कडेला, पायांशी, स्टिकच्या (वैमानिकाच्या हातातल्या दांडीच्या) बुडाशी एका टोकाने टेप लावून चिकटवा आणि एक छोटा कॅमेरा पक्का बसवा. वैमानिकाने धागे बघत बसायचं नाही, त्याने विमान उडवायचं. चित्रण उतरल्यावर बघायचं. आमच्या चित्रणात सीटमागचे सगळे धागे पुढे ताठ झाले होते आणि कॅनोपीच्या मागच्या कडेचे धागे बाहेर ओढले जात होते. ज्या फटीवर मी दोन रविवार घालवले, तिच्यातून हवा आत येतच नव्हती, बाहेर जात होती.

पहिला हात फायरवॉलला

थंडी कुठेही लागत असो, सुरुवात फायरवॉलपासूनच करा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आग अडवणाऱ्या भिंतीपासून. बाकीच्या फटी आधी बुजवल्या तर केबिनमधली ओढ तशीच राहते आणि हवेला उरलेली वाट इंजिनकडची असते. तिथून येणाऱ्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने धरतं.

फायरवॉलसाठी जुना आणि प्रचलित निकष असा की ती सुमारे ११०० अंश सेल्सियसची ज्योत १५ मिनिटं सोसली पाहिजे. ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. ‘हाय टेम्परेचर’ लिहिलेलं लाल सिलिकॉन तीनशेच्या आसपास हार मानतं. म्हणून इथे आगरोधक म्हणून प्रमाणित केलेलं सीलंटच हवं. वायर किंवा केबल जिथून आरपार जाते तिथल्या ग्रोमेटवर, म्हणजे भोकातल्या रबरी कड्यावर, स्टेनलेस स्टीलची दोन तुकड्यांची चकती बसवा. नुसतं रबर ज्वाळेत काही सेकंदांत गळून पडतं. स्प्रेचा फुगणारा फोम इथे कधीही वापरू नका.

हीटर असेल तर त्याची गरम हवा सायलेन्सरभोवतीच्या पत्र्याच्या आवरणातून येते. सायलेन्सरला केसाएवढी चीर गेली तरी धूर थेट तुमच्या मांडीवर. दर तपासणीला ते आवरण काढून आत बघा.

केबिनमध्ये आकडा दाखवणारा कार्बन मोनॉक्साइड मीटर ठेवा. विमानाच्या केबिनसाठी मान्य मर्यादा २०,००० भागांत १ भाग, म्हणजे ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५०) आहे. घरगुती अलार्म ७० पीपीएमलाही तासभर किंवा त्याहून जास्त वेळ गप्प राहू शकतो, त्याच्यावर विसंबू नका. चढताना, सरळ उडताना, उतरताना, हीटर चालू आणि बंद, झरोके उघडे आणि मिटलेले, अशा सगळ्या अवस्थांत आकडा लिहून ठेवा. सीलिंगच्या आधी एकदा आणि नंतर एकदा.

शेपटी आणि पुशरॉड

खरा फरक इथे पडतो. सीटमागे शेपटीचं तोंड झाकणारा पडदा लावा. जाड, घट्ट विणीचं कापड पुरतं, कडेने वेलक्रो लावलं की तपासणीसाठी क्षणात निघतं. कापड निवडताना एक पट्टी शेडबाहेर नेऊन पेटवून बघा. काडी बाजूला घेतल्यावर आपोआप विझत नसेल तर ते घेऊ नका. सोफ्याचा साधा फोम या चाचणीत काळा धूर ओकतो.

पुशरॉडच्या भोकांना मऊ चामड्याचे, एका तोंडाला रुंद आणि दुसऱ्याला अरुंद असे मोजे शिवून घ्या. आम्ही ते भद्रकालीतल्या एका बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून शिवले. आधी कागदाचा नमुना करून दांड्यावर चढवला, स्टिक चारही कोपऱ्यांत पूर्ण नेली आणि कागद जिथे ताणला तिथे दीड इंच वाढवलं. कारागिराने नमुना हातात फिरवून विचारलं, “दादा, ही शिवण आतून घेऊ का बाहेरून?” बाहेरून, असं सांगितलं. आतली शिवण दांड्याला घासली असती. रुंद तोंड भोकाभोवती ॲल्युमिनियमच्या कड्याखाली दाबायचं आणि अरुंद तोंड दांड्याला बांधायचं.

मोजे बसल्यावर स्टिक आणि पेडल टोकापासून टोकापर्यंत फिरवा, आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाला मोज्याकडे बघायला सांगा. चामड्याची घडी एकदा जरी सांध्यात अडकली तरी मोजा उतरवा आणि नवा शिवा. कापून जुळवून घेऊ नका.

कॅनोपीची कड

रबराची पट्टी डी आकाराची, पोकळ घ्या. मिटल्यावर ती जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी दबली पाहिजे. जास्त जाड घेतली तर कडीवर ताण येतो. कडेत कागदाची पट्टी धरून कॅनोपी मिटा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडखळत निघाली पाहिजे. वळणावर रबर ताणून लावू नका, महिन्याभरात आक्रसून सुटतं. ईपीडीएम रबर ऊन-पाऊस सोसतं, पण तेल-पेट्रोल लागलं की फुगतं, म्हणून इंजिनाजवळ नायट्राइल.

जिथे फट कमी-जास्त आहे तिथे पट्टीचा उपयोग नाही. तिथे सिलिकॉन जागेवरच ओतून गास्केट करता येतं. चौकटीच्या कडेवर गुळगुळीत ब्राऊन टेप लावा, त्यावर गाडीच्या मेणाचा पातळ हात द्या. कॅनोपीच्या कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सिलिकॉनची सलग वळी घाला, कॅनोपी हळूच मिटा आणि हात लावू नका. सिलिकॉन हवेतल्या दमटपणावर घट्ट होतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. नाशिकच्या कोरड्या हवेत दोन दिवस द्या. उघडल्यावर मेणाच्या बाजूने ते सुटतं आणि फटीच्या नेमक्या आकाराचं गास्केट कॅनोपीला चिकटलेलं मिळतं. जादा भाग नव्या ब्लेडने काढा.

सिलिकॉन न्यूट्रल क्युअर असंच मागा. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते ॲल्युमिनियम खातं. कॅनोपीच्या ॲक्रिलिकला थिनर, ॲसिटोन किंवा पेट्रोल लागू देऊ नका, बारीक भेगा पडतात आणि त्या परत जात नाहीत. आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही, त्यामुळे रंगकाम आधी.

ज्या भोकांना हात लावायचा नाही

विमानाच्या पोटाची पाणी निचऱ्याची भोकं, टाकीचा श्वास घेणारा नळ, उपकरणांना बाहेरच्या हवेचा दाब देणारं स्टॅटिक पोर्ट, वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी पिटो नळी. ही सगळी मुद्दाम ठेवलेली आहेत. उलट ती उघडी आहेत ना, हे बघत राहा. कुंभारमाशी पिटोत किंवा टाकीच्या नळात मातीचं घर करून जाते, म्हणून उभ्या विमानावर लाल फीत लोंबणारी झाकणं घाला. एलेरॉन आणि एलिव्हेटरच्या बिजागरीची फट टेपने झाकायचा मोह होतो, तोही आवरा. त्याने विमानाचं वागणं बदलतं.

शेवटचा हात

कापलेल्या पत्र्याच्या प्रत्येक कडेवरून बोट फिरवा, खरखर लागली की कानस. पॅनेलखालून जाणाऱ्या वायरी कडेला टेकत असतील तर बीडिंग लावा. एलेरॉन आणि एलिव्हेटर रंगवल्यावर त्यांचा तोल पुन्हा मोजा. बिजागरीमागे वाढलेलं थोडं वजनही वेगात फडफड आणू शकतं. गालिचा, पडदा, मोजे, रबर सगळं तराजूवर ठेवून लिहा आणि शेवटी विमान पुन्हा तोला. आमचं सीटमागचं सामान दीड किलो भरलं, तेही शेपटीकडे, म्हणून तोलाचा कागद नव्याने केला.

बदलांची नोंद लॉगबुकात तारखेसह करा आणि परवान्याच्या अटींप्रमाणे तपासनिसाला दाखवा. मग धागे परत चिकटवा आणि पुन्हा उडा. आमच्या दुसऱ्या चित्रणात सीटमागचे धागे सरळ खाली लोंबत होते. फक्त डाव्या पायाशी एक हलत होता. पंखाच्या मुळाशी मोज्याचं कडं एका रिव्हेटजवळ उचललं गेलं होतं.