अख्खा प्रश्न टाइप करणं सोडलं, तेव्हा लेख सापडले

प्रकल्पाचा विषय होता किशोरवयीन मुलांची झोप आणि अभ्यास. ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये मी गूगलसारखा अख्खा प्रश्न टाकायचे आणि हाती यायचा भोपळा. वैतागून इकडचं तिकडचं वाचून लिहिलं. मार्गदर्शक बाईंनी निम्मे संदर्भ खोडले.

मग प्रश्नाचे तुकडे केले. ‘स्लीप’ अँड ‘टीनेजर’, म्हणजे दोन्ही शब्द असलेलेच लेख. थोडंच मिळालं, पण एका बऱ्या लेखाच्या नोंदीखाली विषयशब्द दिसले. तिथे होतं ‘ॲडोलेसंट’! पबमेड या वैद्यकीय लेखांच्या डेटाबेसमध्ये असे विषयशब्द ठरलेलेच असतात, त्यांना मेश म्हणतात. ‘टीनेजर’ आणि ‘ॲडोलेसंट’ हे ‘ऑर’ने (म्हणजे दोन्हींपैकी कोणताही चालेल) जोडून कंसात घातले, शब्दाच्या मुळाच्या शेवटी * टाकला (म्हणजे त्याची सगळी रूपं येतात), आणि यादी एकदम भरली. उलट आता गाळायची वेळ आली.

‘पीअर रिव्ह्यूड’वर (छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासलेले लेख) टिक केली, तरी संपादकीयं आणि पुस्तक परीक्षणं घुसतातच, कारण ती गाळणी बहुतेक ठिकाणी नियतकालिकाला लागते, एकेका लेखाला नाही. ‘फुल टेक्स्ट’ची (अख्खा लेख तिथेच उघडतो तेवढेच दाखवणारी) टिक मात्र काढली. तिच्यामुळे कामाचे लेख दडून बसले होते. त्यातले दोन ग्रंथपालांनी दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून दिले.