मांजर पाळताय ना? या चुका टाळा (बोका असेल तर पहिली दोनदा वाचा)

घरात चार मांजरं आहेत, त्यामुळे ओळखीत कोणीही पिल्लू आणलं की फोन मलाच येतो. आणि दर वेळी तीच कथा, फक्त मांजराचं नाव वेगळं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

पहिली चूक म्हणजे बोका शी-शूच्या वाळूच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतोय, कुंथतोय, म्हणजे त्याचं पोट साफ होत नाहीये असं आपणच ठरवून टाकणं. आमचा गोट्या तेव्हा चार वर्षांचा, नसबंदी झालेला, जाडजूड, रोज फक्त कोरडं कॅटफूड खायचा. शनिवारी संध्याकाळपासून दर दहा मिनिटांनी ट्रेमध्ये, मग बाथरूमच्या कोपऱ्यात, मग चक्क बेसिनमध्ये जाऊन बसायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या एरंडेल दे, मी चमचाभर तूप चाटवलं आणि सकाळी बघू म्हणून झोपले. रविवारी दुपारी तो कपाटाखाली जाऊन बसला, दोनदा ओकला, बाहेर काढताना पोटाखाली हात गेला तर आत मोसंबीएवढं टणक काहीतरी लागलं. ती तुंबलेली लघवीची पिशवी होती. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली तेव्हा लालभडक लघवी आली आणि भांड्याच्या तळाला बारीक रेतीसारखे कण साचले. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदयाचे ठोके मंदावले होते. तीन दिवस सलाईन लावलं तेव्हा कुठे वाचला.

बोक्याची मूत्रनळी टोकाला खूप अरुंद असते, तिथे खडे किंवा चिकट गोळा अडकला की लघवी बंद, आणि पूर्ण अडली तर 24 ते 48 तासांत जीव जाऊ शकतो. म्हणून बोका बसतोय आणि ट्रे कोरडा आहे तर लगेच निघा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पोट दाबून बघत बसू नका, पिशवी फुटू शकते. ग्रुपवर व्हिडिओ टाकून "कोणाला अनुभव आहे का" विचारणारे लोक बघितले की माझा जीव खालीवर होतो, अहो तेवढ्या वेळात दवाखाना गाठा ना!

तेव्हापासून माझी सवय अशी की सकाळी गॅसवर चहा ठेवला की आधी ट्रे उपसायचा आणि वाळूत जमलेले लघवीचे गोळे मोजायचे. गोट्याचे दोन-तीन असतात, एकही नसेल तर मी ऑफिसला जात नाही. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं आणि कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम 10 टक्के, म्हणून आता एक वेळ ओलं खाणं, कोरडं दिलं तर भिजवून, आणि पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी, ट्रेपासून लांब.

दुसरी चूक, अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल देणं. पाव गोळीसुद्धा नाही, लहान मुलांचं सिरपही नाही! मांजराच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही, रक्तातून ऑक्सिजन नेणं बंद पडतं, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड सुजतं. आपली 500 ची एक गोळी मांजर मारायला पुरेशी आहे. डॉक्टरची फी वाचवायला हा शॉर्टकट मारणाऱ्यांना मी फोनवर ओरडते आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. कुत्र्याचं गोचिडांचं औषधही मांजराला लावू नका, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर फिट येतात.

"आमची घराबाहेर जातच नाही, लस कशाला?" हे तर रोजचंच. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा व्हायरस तुमच्या चपलेला लागून घरात येतो आणि फरशीवर, पायपुसण्यात वर्षभरसुद्धा टिकतो. तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनियासकट तीन रोगांवरची) आठव्या आठवड्याच्या सुमाराला सुरू करायची, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची बाराव्यानंतर. आणि पार्किंगमधून उचललेलं पिल्लू त्याच दिवशी घरातल्या मांजरात सोडायची घाई करू नका, दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, निदान तेवढा दम धरता आला पाहिजे.

बाकीच्या पटापट सांगते. रोज नुसतं दूध-पोळी नको, दुधाने बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात आणि मांस-मासे नसले की त्यातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडून डोळे आणि हृदय बिघडतं. फरशीला फिनेल नको, मांजर पंजे चाटतं. डांबरगोळ्या कपाटातसुद्धा नकोत. सुईदोरा उघड्यावर ठेवू नका, गिळलेला दोरा आतडं कापतो. खिडक्यांना जाळी लावा, मांजरं पडतात. मांजर पाच-सहा महिन्यांचं झालं की नसबंदी करून टाका. जाड मांजर दिवसभर जेवलं नाही तर दुसरा दिवस उजाडायची वाट बघू नका, लिव्हरवर चरबी चढते.

आणि न्यायचा पिंजरा माळ्यावर टाकून ठेवू नका. त्या रविवारी धूळ झटकून, गोट्याला कपाटाखालून ओढून आत कोंबेपर्यंत माझी वीस मिनिटं गेली. आता पिंजरा हॉलमध्ये दार काढून ठेवलेला असतो, आत जुनी चादर, दुपारी दोन मांजरं त्यातच झोपतात.