घराचं सामाईक कॅलेंडर कसं निवडावं, आणि निवडल्यावर ते चालू कसं ठेवावं

एका गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला आमच्याकडे तीन गोष्टी एकदम आल्या. मुलीचा तबल्याचा क्लास, सासऱ्यांची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आणि गॅसच्या पाइपलाइनची तपासणी. प्रत्येक गोष्ट घरातल्या कुणाला तरी ठाऊक होती, पण तिन्ही एकालाही ठाऊक नव्हत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचे खाडे मात्र चोख मांडलेले. बाकीचं सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलेलं.

तुमच्याकडेही असंच असेल तर लगेच ॲप उतरवून घेऊ नका. आधी आठवडाभर फ्रिजवर एक कोरा कागद लावा आणि ज्याला जे आठवेल ते लिहू द्या. आठवड्याअंती कागदावर तीन तऱ्हेच्या नोंदी दिसतील: ठरलेल्या वेळेच्या (क्लास, डॉक्टर, पालकसभा), मुदतीच्या (गाडीचा विमा, सोसायटीचा मेंटेनन्स) आणि तिथीच्या. ॲपची खरी परीक्षा तिसऱ्या तऱ्हेत होते. ते पुढे सांगते.

आता घरातले फोन मोजा. सगळ्यांकडे आयफोन असेल तर फार शोधू नका. ॲपलचं फॅमिली शेअरिंग सुरू केलं की सहा जणांपर्यंत कुटुंबाचं कॅलेंडर आपोआप तयार होतं. पण एकाच्याही हातात अँड्रॉइड असेल तर गूगल कॅलेंडर बरं, कारण ते आयफोनवर नीट चालतं. ॲपलचं कॅलेंडर अँड्रॉइडवर वापरणं म्हणजे द्राविडी प्राणायाम. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्येही सहाच जण बसतात, सगळे एकाच देशातले लागतात आणि एका माणसाला एका वेळी एकाच ग्रुपमध्ये राहता येतं. अमेरिकेतल्या दिराला त्यात घेता येणार नाही. त्यासाठी ग्रुपचा नाद सोडून साधं नवं कॅलेंडर तयार करा आणि ज्याच्या त्याच्या ईमेलवर शेअर करा. आम्ही तेच केलं. टाइमट्री नावाचं जपानी ॲपही चांगलं आहे. त्यात प्रत्येक नोंदीखाली गप्पा मारता येतात, पण आमच्याकडे गप्पांना आणखी एका जागेची गरज नव्हती.

दोन पर्यायांत अडलात तर घरात सगळ्यात कंटाळा करणाऱ्या माणसाच्या हातात दोन्ही द्या आणि सांगा, "पुढच्या मंगळवारी चारला दाताचे डॉक्टर, एवढं लिहून दाखव." ज्यात त्याला कमी वेळ लागेल ते घ्या. रंग, थीम, विजेट हे कौतुक उत्साही माणसासाठी असतं, आणि तो तर कशातही लिहीलच.

शेअर करताना गूगल चार प्रकारचे हक्क देतं: फक्त वेळ मोकळी आहे की नाही ते दिसणं, सगळा तपशील दिसणं, नोंदी बदलता येणं आणि शेअरिंगही सांभाळता येणं. चौथा हक्क घरातल्या दोघांनाच द्या. लहान मुलांना दुसरा पुरे. आमच्या चिरंजीवांनी एकदा गणिताची ट्यूशन पुसून टाकली होती आणि दोन आठवडे कुणाला पत्ता नव्हता.

दोन ठिकाणी जवळजवळ सगळेच फसतात. एक म्हणजे, काही फोनवर मूळचं कॅलेंडर ॲप नवी नोंद फोनमध्येच किंवा फोन बनवणाऱ्या कंपनीच्या खात्यावर ठेवतं. तुम्हाला ती दिसते, बाकी कुणाला नाही. नोंद करताना वर कुठल्या कॅलेंडरचं नाव आहे ते बघा, आणि सामाईक कॅलेंडरच डीफॉल्ट करून टाका. दुसरं म्हणजे, गूगलमध्ये तुम्ही लावलेली आठवण तुमच्याच फोनवर वाजते. नवऱ्याच्या फोनवर वाजायला हवी असेल तर त्याच्या फोनमध्ये त्या कॅलेंडरची सूचना वेगळी लावावी लागते. आमच्याकडे यावरून झालेलं भांडण इथे सांगत नाही.

शिवाय ही आठवण चार आठवड्यांपलीकडे मागे नेता येत नाही. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणून गणपतीला कोकणात जायचं असेल तर बुकिंगच्या दिवशी सकाळी 7.45 ला स्वतंत्र नोंदच करा.

आता तिथी. आजोबांचं श्राद्ध किंवा तिथीने येणारा वाढदिवस "दरवर्षी याच तारखेला" असा लावलात तर पुढच्या वर्षी हमखास चुकेल. संकष्टीही "दर महिन्याला" लावून चालत नाही. अधिक महिना आला की सगळंच पुढे सरकतं. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. यावर एकच उपाय मला सापडला: नवं पंचांग घरात आलं की एका दुपारी बसून वर्षभराच्या तिथी एकेक करून भरायच्या. तासाभराचं काम आहे. सासूबाई वाचतात, मी टाइप करते. या नोंदींना वेगळं कॅलेंडर आणि वेगळा रंग ठेवा, म्हणजे ज्याला नको त्याला लपवता येतं.

परदेशातल्यांसाठी एक बारकावा. अमेरिकेत मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलतात, आपल्याकडे नाही. न्यू जर्सीशी आपलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. रविवारचा व्हिडिओ कॉल भारतीय वेळेनुसार लावलात तर हिवाळ्यात त्यांच्याकडे तो तासभर लवकर वाजेल. आमच्या सकाळी सातच्या कॉलला त्यांच्याकडे शनिवारची रात्र असते, त्यामुळे दिराचं काही बिघडत नाही.

निवडलेलं ॲप महिनाभर वापरून बघा, तोवर पैशांची वर्गणी भरू नका. आणि नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात ना, तेही याच महिन्यात करून बघा. गूगलमध्ये संगणकावरून हे जमतं.

सासूबाई फोनवर लिहीत नाहीत. दर महिन्याच्या शेवटी मी पुढच्या महिन्याचं पान छापून दुधाच्या कॅलेंडरशेजारी लावते. त्या त्यावर पेनाने भर घालतात, आणि रविवारी चहाच्या वेळी मी ती भर फोनवर चढवते.